वर्गाची सहल, पण पूर्ण वर्गाची

पौष महिना आला, ज्वारी हुरड्यात आली, की शेतावरच्या सहलींचे बेत ठरू लागतात. अलीकडच्या काळात या बेतांमध्ये एका वेगळ्या मंडळींची भर पडली आहे. ही मंडळी एकमेकांच्या नात्यातली नसतात, शेजारची नसतात, एका कचेरीतलीही नसतात. त्यांना बांधणारा धागा एकच असतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ती सगळी एका हायस्कुलात, एका वर्गात बसत होती.

पूर्वीही शाळांचे माजी विद्यार्थी मेळावे होत. पण ते शाळा भरवायची. शतक महोत्सव किंवा सुवर्ण महोत्सव असला की पत्रं जायची, त्यातली निम्मी पत्ता बदलला म्हणून परत यायची. मग २००४ साली ऑर्कुट आलं आणि हरवलेली नावं संगणकाच्या पडद्यावर दिसू लागली. ते २०१४ मध्ये बंद झालं, पण तोवर २००९ साली जन्मलेलं व्हॉट्सॲप खेड्यापाड्यांत पोहोचू लागलं होतं. ज्या कामाला पूर्वी वर्ष लागायचं, ते आता पंधरा दिवसांत होतं. एक नंबर मिळाला की त्याच्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून चार, आणि बघता बघता ‘आपली दहावी’ नावाचा गट तयार होतो. मग कोणीतरी लिहितं, ‘अरे, एकदा भेटू या की!’

आज आपण या भेटीबद्दलच थोडं बोलू. इतक्या वर्षांनी माणसं एकमेकांना ओळखतात कशी, नावं का आठवत नाहीत, टोपणनावं मात्र का आठवतात, आणि मुख्य म्हणजे, या सहलीला कोण येत नाही.

आधी ओळखण्याचं बघू. हॅरी बाहरिक नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या हायस्कुलांत दर वर्षी विद्यार्थ्यांच्या फोटोंचं एक पुस्तक निघतं. बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पुस्तकांचा उपयोग करून एक अभ्यास केला, तो १९७५ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच शाळा सोडलेल्यांपासून ते शाळा सोडून जवळपास ४८ वर्षं झालेल्यांपर्यंत ३९२ माणसं त्यांनी तपासली. अनोळखी चेहऱ्यांमध्ये वर्गातला एक चेहरा मिसळून दाखवायचा आणि विचारायचं, यातला तुमच्या वर्गातला कोण? शाळा सोडून तीस-तीस वर्षं झालेली माणसंसुद्धा दहापैकी सुमारे नऊ वेळा बरोबर उत्तर देत होती. मात्र नुसता चेहरा दाखवून ‘याचं नाव सांगा’ म्हटलं, की गाडी अडत होती. म्हणजे चेहरा मनात पक्का राहतो, नावाचा दोरा तेवढा सुटतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या लोकांना जुने फोटो दाखवले होते, पन्नाशीतले चेहरे नव्हेत. टक्कल पडलेला, चष्मा लागलेला, पोट सुटलेला माणूस समोर उभा राहिला तर आपण गोंधळणारच. म्हणून सहलीला जाताना दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो मोठा करून न्यावा. छातीवर लावायच्या चिठ्ठीवर नावाबरोबर त्या फोटोतला चेहरा कापून चिकटवला, तर फारच सोपं होतं. जुना चेहरा पाहिला की नव्या चेहऱ्यातले डोळे, जिवणी, हसणं आपोआप ओळखू येतं.

आता टोपणनावांचं कोडं. खरं नाव आठवत नाही, पण ‘अरे, तू डबेवाला ना?’ असं पटकन तोंडातून जातं. याचं कारणही अभ्यासकांनी शोधलं आहे. समजा, एका माणसाबद्दल तुम्हाला सांगितलं की हा सुतारकाम करतो आणि दुसऱ्याबद्दल सांगितलं की याचं आडनाव सुतार आहे. काही दिवसांनी विचारलं तर पहिल्याचं काम जास्त लोकांना आठवतं, दुसऱ्याचं आडनाव कमी लोकांना. शब्द एकच, पण काम म्हटलं की रंधा, करवत, लाकडाचा वास, असं सगळं चित्र उभं राहतं. आडनावाला असं चित्र चिकटत नाही. टोपणनावाला मात्र नेहमी चित्र असतं, गोष्ट असते. दुसऱ्यांचे डबे खाणारा म्हणून तो डबेवाला. गोष्ट आठवते, म्हणून नाव आठवतं.

पण म्हणूनच टोपणनावं जपून वापरावीत. वर्गातली सगळीच नावं काही लाडाची नव्हती. कोणाच्या रंगावरून, कोणाच्या चालण्यावरून, कोणाच्या जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून ठेवलेली नावं होती. ज्यांनी ती ठेवली ते विसरून गेले आहेत, ज्याला ती चिकटली तो विसरलेला नाही. त्याने स्वतः हसत ते नाव घेतलं तर ठीक, नाहीतर आपण त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. तीस वर्षांनी भेटलेल्या माणसाला पहिल्याच मिनिटाला जुनी जखम देण्यासाठी कोणी एवढ्या लांब बोलावत नाही.

आणखी एक प्रश्न अनेकांना पडतो. नोकरीत पंचवीस वर्षं काढली, त्यातलं फारसं काही आठवत नाही. शाळेतली मात्र बाकं, घंटा, सरांच्या हातावरचा खडू, सगळं जसंच्या तसं दिसतं. असं का? चाळिशीच्या पुढच्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर वर्षांच्या मानाने जास्त निघतात. आठवणींचा आलेख काढला तर या वयावर चक्क उंचवटा येतो. एक कारण साधं आहे. या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात. पहिली सायकल, घरच्यांशिवाय केलेला पहिला एस.टी.चा प्रवास, पहिलं बक्षीस, पहिला अपमान. शिवाय ‘मी कोण’ हे आपण याच वर्षांत ठरवत असतो. आणि आपल्याबरोबर तेच करणारी चाळीस-पन्नास मुलं त्याच खोलीत असतात.

जून १९८६ मध्ये पाचवीत आलेला आणि मार्च १९९२ मध्ये दहावीला बसलेला एखादा वर्ग घ्या. ते पाचवीत असताना, जानेवारी १९८७ मध्ये, दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे आणि ज्याच्या घरी टी.व्ही. त्याच्या ओसरीवर अर्धा वर्ग असायचा. ज्याच्या घरी टी.व्ही. होता त्याची आठवण वेगळी, दाराबाहेर उभं राहून ज्याने पाहिलं त्याची वेगळी. दोघांच्या आठवणी एकत्र ठेवल्या, की त्या रविवारचं खरं चित्र तयार होतं. वर्ग पुन्हा भेटण्याचा हा मोठा फायदा आहे. माझ्याकडे माझ्या लहानपणाचा एकच तुकडा आहे, बाकीचे तुकडे इतरांकडे आहेत. म्हणून ‘तसं नव्हतंच, असं होतं’ यावरून वाद घालू नये. आठवण म्हणजे ध्वनिफीत नव्हे. ती दर वेळी सांगताना थोडी बदलते.

आणि म्हणूनच आता त्या प्रश्नाकडे येऊ, की सहलीला कोण येत नाही.

बहुतेक गट दहावीच्या परीक्षेच्या वर्षावरून तयार होतात. ‘एस.एस.सी. अमुक बॅच’. नाव साधं वाटतं, पण त्या नावातच चाळणी आहे. आठवीत शाळा सुटली, तो त्या बॅचचा नाही. दहावीत गणित राहिलं आणि ऑक्टोबरच्या परीक्षेतही निघालं नाही, तो म्हणतो, ‘मी कुठं बॅचचा?’ जिचं नववीत लग्न झालं, ती दहावीच्या ग्रुप फोटोतच नाही. शिवाय बऱ्याच शाळांत हुशार मुलांची ‘अ’ तुकडी आणि बाकीच्यांच्या ‘ब’, ‘क’. मेळावा ठरवणारी मंडळी बहुधा ‘अ’ची. परिणाम असा होतो की इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक, बँकवाले सापडतात आणि ज्या मुलाबरोबर आपण रोज तीन मैल चालत शाळेत आलो, तो सापडत नाही. तो त्याच गावात, बसस्टँडच्या मागे पंक्चर काढत असतो. त्याला शोधायला व्हॉट्सॲप लागत नाही, चार पावलं चालावं लागतं.

मग पूर्ण यादी कुठे मिळेल? शाळेत. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख व कारण. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून दिला जातो. हजेरीपत्रकं काही वर्षांनी मोडीत निघतात, हे रजिस्टर मात्र कायम जपायचं असतं. ‘वडिलांची बदली’, ‘पुढील शिक्षणासाठी’ अशी कारणं त्यात दिसतात. आणि काही नावांपुढे असतं, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. हे तीन-चार शब्द वाचताना थोडं थांबावंसं वाटतं. कारण ज्या मुलाचं नाव कमी झालं, त्याच्या घरी त्या वर्षी काय झालं होतं हे त्या रकान्यात लिहिलेलं नसतं. दुष्काळ असेल, बाप गेला असेल, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नसेल.

मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज देऊन आपल्या वर्षाची फक्त नावं मागावीत. रजिस्टरात जात, जन्मतारीख अशी खासगी माहिती असते. ती मागू नये, तिचे फोटो काढू नयेत आणि गटावर तर मुळीच टाकू नयेत. यादी करताना दहावी धरण्याऐवजी पाचवी धरावी. म्हणजे ‘जे जूनमध्ये पाचवीत एकत्र आले आणि मध्ये जे येऊन मिळाले, ते सगळे’. गटाचं नाव बदलावं लागलं तर बदलावं. एवढ्या एका बदलाने यादीत कितीतरी नावं परत येतात.

मुलींची नावं शोधणं हे आणखी एक काम. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं आणि पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. शाळेच्या रजिस्टरातलं नाव तिच्या आजच्या शेजाऱ्यांना ठाऊकही नसतं. वाट माहेरातून जाते. भाऊ, भावजय, शेजारच्या काकू यांना विचारावं. पण नंबर मिळाला म्हणून लगेच गटात टाकू नये. आधी वर्गातल्याच एखाद्या मैत्रिणीने तिला फोन करावा, तिला विचारावं. पन्नास पुरुषांच्या गटात आपला नंबर जाणं सगळ्या घरांत सोपं नसतं. सहल दिवसाची असावी, अंधार पडायच्या आत सगळ्या जणी घरी पोहोचतील अशी वेळ ठेवावी. वाटल्यास मुलांना, जावेला, नणंदेला बरोबर आणायला सांगावं. एवढी काळजी घेतली तर ‘बघते, जमलं तर’ याचं ‘येते’ होतं.

तारीख ठरवताना बहुधा पुण्या-मुंबईच्या लोकांच्या रजा बघितल्या जातात. थोडा वेगळा विचार करावा. बीडकडचा एखादा वर्गमित्र ऊसतोडीला जात असेल, तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावर उन्हाळ्यात परत येतो. त्याच्यासाठी पौषातला हुरडा नाही, मेमधला आमरस बरा. शेतकऱ्याला जून नको, पेरणी असते. सासरी गेलेल्या मैत्रिणी भाऊबीजेला किंवा मेच्या सुट्टीत माहेरी असतात. सगळ्यांना जमेल अशी तारीख मिळणार नाही हे खरं, पण दर वेळी त्याच माणसांची अडचण होते की काय, एवढं तरी बघता येतं.

पैशाचंही तसंच. ‘माणशी दोन हजार, रिसॉर्ट बुक केलं आहे’ असा निरोप गटावर पडला, की दहा जण काही न बोलता गळतात. कारण ते सांगत नाहीत, ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणतात. त्यापेक्षा एखाद्याच्या शेतावर जमावं. पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत यांना खर्च किती येतो? वर्गणीचा डबा ठेवावा, ज्याला जे जमेल ते त्याने टाकावं, कोणी किती टाकलं याची यादी वाचू नये. ज्याला पैसे देणं जमत नाही तो भाजी आणतो, लाकडं आणतो, ट्रॅक्टर आणतो. त्याची वर्गणी अशी भरली जाते आणि मानही राहतो.

सभागृहापेक्षा सहल का बरी, याचंही उत्तर इथंच आहे. सभागृहात व्यासपीठ असतं. व्यासपीठ आलं की त्यावर कोण बसणार हा प्रश्न येतो. मग शाल, श्रीफळ, सत्कार आणि ज्याचा हुद्दा मोठा त्याचं भाषण. बाकीचे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात. शाळेत असताना पहिल्या बाकावर कोण आणि शेवटच्या बाकावर कोण हे जसं ठरलेलं होतं, तसंच पुन्हा ठरतं. शेतावर व्यासपीठ नसतं. चूल पेटवता येते तो तिथे साहेब. भाकरी थापणारी सगळ्यांना दरडावते. कांदा चिरता चिरता, बांधावरून चालता चालता माणसं बोलतात. समोरासमोर बसून विचारलं तर जे सांगता येत नाही, ते शेजारी शेजारी काम करताना सहज सांगितलं जातं. शिक्षक आले असतील तर त्यांना खुर्ची द्यावी, पाया पडावं, पण त्यांनाही भाषणात अडकवू नये. त्यांनाही गप्पाच हव्या असतात.

बोलायचं काय? ‘काय करतोस, पगार किती, मुलगा कुठे असतो, मुलीचं जमलं का’ हे प्रश्न आपल्याकडे आपुलकीने विचारले जातात. पण ज्याची नोकरी गेली आहे, ज्याला मूल नाही, जिचा संसार मोडला आहे, त्यांना हे प्रश्न तोंडी परीक्षेसारखे वाटतात. त्यापेक्षा ‘तुला काय आठवतं?’ हा प्रश्न चांगला. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं आणि त्यात कोणी नापास होत नाही. वर्गातले जे आता नाहीत, त्यांची नावं सुरुवातीलाच शांतपणे वाचावीत, म्हणजे गप्पांच्या भरात ‘तो कसा आला नाही?’ असं विचारून कोणी कानकोंडं होत नाही. धरण, नदी, धबधबा जवळ असेल तर पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा. आठवणी पंधराव्या वर्षाच्या असतात, हृदय आणि गुडघे पन्नाशीचे.

अशा भेटीतून पुढे काय हाती लागतं, असं कोणी विचारेल. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं, की नोकरीची बातमी बऱ्याचदा अगदी जवळच्या माणसाकडून न येता क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून येते. कारण जवळच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. लांबचा माणूस वेगळ्या जगात वावरत असतो. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही अधिकाऱ्यांना, ज्यांच्याशी तीन वर्षं तरी बोलणं नाही अशा जुन्या परिचितांना कामाबद्दल सल्ला विचारायला सांगितलं. रोजच्या माणसांपेक्षा या जुन्या ओळखींकडून जास्त नव्या आणि उपयोगी गोष्टी कळल्या. शिवाय जुना विश्वास मुळापासून तयार करावा लागत नाही, तो असतोच.

वर्गातल्या ओळखी नेमक्या अशाच असतात. एकीला मुलाच्या प्रवेशाचं काही कळत नाही, दुसरा शिक्षक आहे. एकाला ठिबक सिंचन करायचं आहे, दुसऱ्याने ते दहा वर्षांपूर्वी केलं आहे. आईला तालुक्याहून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर तिथे नर्स असलेली मैत्रीण कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगते. पण गंमत अशी, की या मदतीची सर्वांत जास्त गरज ज्यांना आहे, तेच यादीतून गळालेले असतात. आणि गावात राहिलेल्या त्या गळालेल्यांची गरजही शहरातल्यांना असते. मुंबईत राहणाऱ्या मुलाचे आईवडील गावी एकटे असतात. रात्री अडचण आली तर दार वाजवायला पंक्चरवाला मित्रच लवकर पोहोचणार असतो.

सहलीनंतर आठ-पंधरा दिवस गट गजबजलेला असतो, मग ‘शुभ सकाळ’ची फुलं सुरू होतात. तसं होऊ नये म्हणून एक सोपी पद्धत आहे. प्रत्येकाने दोघांची जबाबदारी घ्यावी. महिन्यातून एकदा फोन, बस. साधा, बोलण्याचा फोन, फुलांचा संदेश नव्हे.

आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जावं. पहिल्या बोलावण्याला ‘मला कशाला? मी तर दहावी नाही’ असं उत्तर मिळालं, तर ते नकार म्हणून लिहून घेऊ नये. तो पुष्कळदा प्रश्न असतो. ‘मी चालेन का?’ असं त्याला विचारायचं असतं. त्याचं उत्तर गटावर देता येत नाही. दोघांनी त्याच्या दुकानावर जावं, चहा घ्यावा, गाडीत एक जागा त्याच्यासाठी ठेवली आहे हे सांगावं आणि सहलीच्या दिवशी सकाळी त्याला घ्यायला थांबावं.